पेशी मारणे आणि रुग्ण वाचवणे

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू आणि राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांनी एका पत्रकार परिषदेत सांगितले की, त्यांच्या पत्नीने चौथ्या टप्प्यातील कर्करोगावर मात केली आणि त्यात हळद, कडुनिंब, लिंबूपाणी व आहारातील पथ्ये यांचा मोठा वाटा होता. काही दिवसांतच टाटा स्मारक रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी निवेदन काढले. यांपैकी काही पदार्थांवर संशोधन चालू असले, तरी कर्करोगाचे औषध म्हणून त्यांची शिफारस करण्याजोगा रुग्णांवरील पुरावा आज उपलब्ध नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. रुग्णाची शस्त्रक्रिया झाली होती आणि तिला केमोथेरपीही मिळाली होती, हेही तज्ज्ञांनी निदर्शनास आणून दिले. निवेदन योग्यच होते. त्यानंतर घराघरांत आणि समाजमाध्यमांवर जो वाद पेटला, तो मात्र दोन्ही बाजूंनी चुकीच्या पायावर उभा राहिला. एका बाजूचे म्हणणे होते की, औषध आपल्या परसातच आहे, पण औषध कंपन्या ते दडवून ठेवतात. दुसऱ्या बाजूचे उत्तर एका वाक्याचे होते: झाडपाल्याने कॅन्सर बरा होत नाही.

हे दुसरे वाक्य जितके ठामपणे उच्चारले जाते, तितकेच ते वस्तुस्थितीला सोडून आहे. कर्करोगावरील आजच्या उपचारातील कित्येक महत्त्वाची औषधे वनस्पतींमधूनच आली आहेत. वनस्पतिजन्य रसायने कर्करोगाच्या पेशी मारतात की नाही हा प्रश्न विज्ञानाने केव्हाच निकालात काढला असून त्याचे उत्तर ‘मारतात’ असे आहे. खरा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. पेशी मारण्याला पुरेशी मात्रा माणसाच्या शरीरात गाठीपर्यंत पोहोचते का, त्या मात्रेत बाकीचे शरीर तग धरते का, आणि त्यामुळे रुग्ण अधिक काळ किंवा अधिक बरा जगतो हे कोणी मोजून पाहिले आहे का? माझे म्हणणे असे की, ‘अमुक वनस्पती कर्करोगाच्या पेशी नष्ट करते’ हे वाक्य संशोधनाचा आरंभबिंदू म्हणून मोलाचे आहे आणि उपचाराचा आधार म्हणून धोक्याचे आहे. हा फरक न करणाऱ्या दोन्ही बाजू रुग्णाचे सारखेच नुकसान करतात.

वनस्पतींच्या बाजूने जे सांगता येते ते आधी पूर्णपणे मान्य करू. आपल्याकडे कुंपणापाशी आणि देवळाच्या आवारात बारमाही फुलणारी सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेण्याची प्रथा होती आणि १९५२ मध्ये तिथून काही पाने कॅनडात पोहोचली. वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो अर्क उंदरांना दिला, तेव्हा त्यांच्या रक्तातील साखर काही उतरली नाही. अर्क टोचलेले उंदीर मात्र जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटत होत्या. जो अर्क पांढऱ्या पेशी घटवतो, तो त्याच पेशींच्या कर्करोगावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, चालू शकेल, हा विचार तिथून आला. व्हिन्ब्लास्टिन हे औषध या मार्गाने मिळाले आणि पाठोपाठ एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिन्क्रिस्टिन वेगळे काढण्यात आले. व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. त्या काळी तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झालेले मूल वाचणे हा अपवाद होता. आज प्रगत केंद्रांमध्ये अशी सुमारे नव्वद टक्के मुले बरी होतात. त्यांना दिल्या जाणाऱ्या औषधांच्या संचात व्हिन्क्रिस्टिन अजूनही अग्रभागी आहे. लोकवैद्यकाने ही वनस्पती ज्या आजारासाठी वापरली त्यात तिने साथ दिली नाही आणि ज्यात दिली त्याची लोकवैद्यकाला कल्पना नव्हती, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. परंपरेने संशोधकांना झाडापर्यंत नेले खरे, पण त्या झाडाचा उपयोग काय हे चाचणीनेच सांगितले.

दुसरे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटावे असे आहे, कारण त्याच्या केंद्रस्थानी नंदुरबार येथे जन्मलेला आणि मुंबई विद्यापीठात शिकलेला एक रसायनशास्त्रज्ञ आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० पासून वनस्पतींची जी मोठी छाननी हाती घेतली, तिच्यात पुढील दोन दशकांत वनस्पतींचे सुमारे ३५ हजार नमुने आणि त्यांचे एक लाखाहून अधिक अर्क तपासले गेले. १९६२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून पॅसिफिक यू वृक्षाची साल गोळा झाली. नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्या सालीतून टॅक्सॉल वेगळे केले आणि १९७१ मध्ये त्याची रेणुरचना प्रसिद्ध केली. हीच जोडी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन या दुसऱ्या वनस्पतिजन्य रसायनाचीही रचना मांडून बसली होती. टॅक्सॉल अंडाशयाच्या कर्करोगासाठी १९९२ मध्ये मान्य झाले आणि दोन वर्षांनी स्तनाच्या कर्करोगासाठी. ज्यांच्या घरात या आजारांवर उपचार झाले आहेत, त्यांपैकी अनेकांनी पॅक्लिटॅक्सेल हे त्याचे जेनेरिक नाव इस्पितळाच्या कागदांवर वाचले असेल. हे औषध एका झाडाच्या सालीतून आले आणि ते ओळखणाऱ्या दोघांपैकी एक नंदुरबारचा होता, हे आपल्या शाळांमध्ये का शिकवले जात नाही?

ही रसायने पेशीला मारतात म्हणजे नेमके काय करतात, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण वादातील निम्मा गोंधळ तिथेच आहे. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेण्यासाठी सूक्ष्मनलिकांचा सांगाडा उभारते. सदाफुलीची रसायने तो सांगाडा उभा राहू देत नाहीत. टॅक्सॉल नेमके उलटे करते, म्हणजे उभा राहिलेला सांगाडा मोडू देत नाही. सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये ही गोष्ट दाखवून दिली, तेव्हा अशा तऱ्हेने काम करणारे दुसरे औषध ठाऊक नव्हते. कॅम्प्टोथेसिन आणि हिमालयातील वनककडीच्या कुळातील रसायनापासून बनवलेले इटोपोसाइड ही दोन्ही डीएनएचे पीळ सोडवणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) जखडून ठेवतात, त्यामुळे डीएनएमध्ये तुटी पडतात. वाटा वेगळ्या असल्या तरी बहुतेकदा शेवट एकच असतो. नुकसान दुरुस्त होण्यापलीकडे गेले की पेशीतील यंत्रणा स्वतःच्या मृत्यूचा आदेश काढते, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियामधून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडते, कॅस्पेज नावाची विकरे जागी होतात आणि पेशी आतून सुटी सुटी होत जाते. निरोगी शरीरात ही यंत्रणा रोज चालू असते. कर्करोगाच्या पेशींनी मात्र ती बहुतेकदा दुबळी केलेली असते, आणि सुमारे निम्म्या कर्करोगांत तिचा पहारेकरी असलेले पी-५३ हे जनुक बिघडलेले आढळते. म्हणून ही यंत्रणा पुन्हा चालू करणाऱ्या प्रत्येक रेणूविषयी संशोधकांना कुतूहल असणे स्वाभाविक आहे.

पण हाच आदेश केसांच्या मुळांतील, आतड्याच्या अस्तरातील आणि अस्थिमज्जेतील वेगाने दुभंगणाऱ्या पेशींनाही मिळतो. ज्या केमोथेरपीला ‘रासायनिक विष’ म्हणून नाके मुरडली जातात आणि जिच्यासमोर पर्याय म्हणून ‘नैसर्गिक’ उपाय ठेवले जातात, तिच्यामुळे गळणारे केस आणि सुन्न पडणारी बोटे अनेकदा सदाफुलीची आणि यू वृक्षाचीच देणगी असते. व्हिन्क्रिस्टिन शिरेऐवजी चुकून मणक्यात टोचले गेले, तर रुग्ण बहुधा दगावतो. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हा समज या एका उदाहरणापुढे टिकू शकतो का?

आता बशीतल्या प्रयोगांकडे वळू. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी मारणे फार सोपे असते. मिठाचे तीव्र द्रावण, मद्यार्क, साबण यांपैकी कशानेही त्या मरतात. तणावर रॉकेल ओतले तर तण मरतेच, पण शेतकऱ्याला पीक राखून तण मारायचे असते. हळदीतील कर्क्युमिनचे उदाहरण यासाठी बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्याच्याइतके संशोधन फार थोड्या वनस्पतिजन्य रसायनांच्या वाट्याला आले आहे. बशीत ते अनेक प्रकारच्या कर्करोगपेशींना मृत्यूच्या वाटेला लावते, हे हजारो शोधनिबंधांत नोंदलेले आहे आणि ते खोटे नाही. मात्र त्या प्रयोगांत त्याची तीव्रता साधारणपणे १० ते ५० मायक्रोमोलर (द्रावणातील रेणूंचे प्रमाण मोजण्याचे एकक) ठेवलेली असते. माणसाने दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन गिळले, तरी रक्तात ती तीव्रता जेमतेम एक-दोन मायक्रोमोलरपर्यंत, आणि तीही थोड्याच वेळापुरती, पोहोचल्याचे आढळले आहे. स्वयंपाकातील हळदीत कर्क्युमिन तीनेक टक्केच असते, म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल. शिवाय हा रेणू अस्थिर आहे, आतड्यातून नीट शोषला जात नाही आणि जो शोषला जातो त्याचे यकृतात लगेच रूपांतर होते. औषधी रसायनशास्त्रातील एका प्रतिष्ठित नियतकालिकाने २०१७ मध्ये या साऱ्या संशोधनाचा सविस्तर आढावा छापला. शंभराहून अधिक चाचण्या होऊनही दुहेरी-अंध (म्हणजे खरे औषध कोणाला मिळते हे रुग्णालाही आणि डॉक्टरलाही ठाऊक नसलेली) आणि तुलनागटासह केलेली एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. उद्या कर्क्युमिनचा एखादा बदललेला, शरीरात टिकणारा अवतार यशस्वी होऊ शकेल. तसे झाले तर मला आनंदच होईल, पण आज ते झालेले नाही.

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा पैशाचा आहे. ज्या वनस्पतीवर पेटंट मिळत नाही तिच्या चाचणीवर कोणती कंपनी पैसा ओतेल? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला थट्टेने उत्तर देणे अन्यायाचे आहे. कंपन्या नफ्यासाठी चालतात, आणि अनेक स्वस्त जुनी औषधे चाचणीविना पडून राहतात, हे खरे आहे. परंतु त्यातून ‘दडवून ठेवले’ हा निष्कर्ष निघत नाही. टॅक्सॉलचा शोध आणि सुरुवातीच्या चाचण्या अमेरिकी करदात्यांच्या पैशातून झाल्या. कर्क्युमिनवर पेटंटाची अडचण असूनही शंभरावर चाचण्या झाल्या. आणि जर्दाळूच्या बियांतील अमिग्डालिन, म्हणजे ‘लॅट्राइल’, याचे उदाहरण तर या प्रश्नाचे नेमके उत्तर आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत त्याच्या बाजूने प्रचंड जनमत उभे राहिले आणि सरकार ते दडपते आहे असा आरोप झाला. तेव्हा राष्ट्रीय कर्करोग संस्थेने स्वतःच त्याची चाचणी घडवून आणली. १७८ रुग्णांवरील त्या चाचणीचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग हटला नाही, आयुष्य लांबले नाही, आणि काही रुग्णांच्या रक्तात सायनाइडचे प्रमाण प्राणघातक पातळीजवळ गेले. लोकांच्या मागणीला तुच्छ न लेखता तिची सार्वजनिक पैशातून परीक्षा घेतली गेली, हे मला त्या प्रकरणातील अनुकरणीय वाटते.

दुसरा आक्षेप असा की, एक रेणू वेगळा काढल्याने वनस्पतीतील अनेक घटकांचे परस्परपूरक कार्य हरवते. तत्त्वतः हे शक्य आहे, पण मात्रेच्या अडचणीचे उत्तर त्यात नाही. १७८५ मध्ये इंग्रज वैद्य विल्यम विदरिंग यांनी अंगावर पाणी साचून येणाऱ्या सुजेवर डिजिटॅलिस या वनस्पतीच्या पानांचा वापर पद्धतशीर नोंदींसह मांडला. पानाची ताकद ऋतूनुसार बदलते आणि गुणकारी मात्रा व घातक मात्रा यांत फारच थोडे अंतर असते, हा त्यांचा मोठा अनुभव होता. कर्करोगाच्या औषधांत हे अंतर तितकेच अरुंद असते. आपल्याकडे सर्पगंधेचे मूळ शतकानुशतके वापरात होते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांचा रक्तदाब मोजून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा ती वनस्पती जगाच्या औषधशास्त्रात दाखल झाली. पुढे तिच्यातील रिसर्पिन वेगळे झाले आणि जास्त मात्रेत त्याने नैराश्य येते असे आढळल्यावर मात्रा कमी केली गेली. मोजमापाने परंपरेचा अपमान झाला असे यातून दिसते का? १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) १९९७ मध्ये रद्द करवले, तेही छापील आणि लिखित पुरावे मांडून. तो वाद हळद गुणकारी आहे का याबद्दल नव्हता, ते ज्ञान नवे आहे का याबद्दल होता, आणि कर्करोगाशी तर त्याचा काहीही संबंध नव्हता; तरीही हळदीच्या प्रत्येक दाव्यामागे तो विजय उभा केला जातो.

‘पण घेतल्याने नुकसान काय?’ हा प्रश्न बहुतेकदा प्रेमापोटी विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर काळजीपूर्वक दिले पाहिजे. नुकसान दोन प्रकारे होते. पहिले, वेळ जातो. अमेरिकेतील नोंदींवर आधारित, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बरे होण्याजोगा कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपाय निवडलेल्या २८१ रुग्णांची तुलना प्रचलित उपचार घेणाऱ्यांशी केली गेली. पर्यायी उपाय निवडणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला आणि स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटीहून अधिक. हा अभ्यास निरीक्षणात्मक आहे, त्याला त्याच्या मर्यादा आहेत. पण फरक इतका मोठा आहे की तो नजरेआड करता येत नाही. दुसरे नुकसान उपचार चालू असतानाचे आहे. युरोपात नैराश्यावर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इरिनोटेकॅन या कर्करोगावरील औषधासोबत घेतली, तर त्या औषधाच्या क्रियाशील घटकाचे रक्तातील प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी घटते, असे आढळले आहे. इरिनोटेकॅन हे स्वतः कॅम्प्टोथेसिनपासून, म्हणजे एका झाडापासून आलेले औषध आहे. एक वनस्पती दुसऱ्या वनस्पतीचे औषध निष्प्रभ करते आणि रुग्णाला व डॉक्टरला त्याचा पत्ताही नसतो. हळदीच्या तीव्र कॅप्सूलमध्ये शोषण वाढवण्यासाठी मिऱ्यातील पिपेरिन अनेकदा घातलेले असते. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत झाल्या आहेत. भाजीतल्या हळदीबद्दल मी हे म्हणत नाही.

विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही काही प्रश्न विचारले पाहिजेत. रुग्णाने काढा घेत असल्याचे सांगताच त्याला खडसावणारे डॉक्टर, पुढच्या वेळी ते सांगितलेच जाणार नाही याची व्यवस्था करतात. आणि मग वर सांगितलेला औषधांचा संघर्ष कसा कळणार? अमुक विद्यापीठात कर्करोगावर रामबाण वनस्पती सापडली, अशा बातम्या केवळ पत्रकार रचत नाहीत. बशीतील एका पेशीप्रकारावर एका अर्काचा परिणाम पाहून विद्यापीठेच प्रसिद्धिपत्रके काढतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा स्मारक केंद्राकडूनच द्राक्षांत आढळणारे रेझ्वेराट्रॉल आणि तांबे यांच्या शंभर रुपयांच्या गोळीविषयी वृत्तवाहिनीवर मोठी आशा व्यक्त झाली. त्यामागचे संशोधन गंभीर आहे, गृहीतक वेगळ्या वाटेचे आहे आणि स्वस्त उपचार शोधण्याची तळमळ खरी आहे. परंतु मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचे निकाल हाती येण्यापूर्वी अशा गोळीची बातमी झाली, तर कडुनिंबाच्या दाव्याला लावलेली कसोटी आपण स्वतःला लावली का, असे लोक विचारणारच.

आणि झाडांकडे परत यायचे, तर कॅम्प्टोथेसिनची गोष्ट सह्याद्रीत येऊन पोहोचते. १९७० च्या दशकाच्या आरंभी रुग्णांना ते दिले गेले, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव आणि इतर गंभीर त्रास झाल्यामुळे चाचण्या थांबल्या. १९८५ च्या सुमारास त्याचे लक्ष्य असलेले विकर कळले, रेणूत बदल करून त्याची विषारी बाजू काबूत आणली गेली आणि १९९६ मध्ये त्यापासून बनलेली इरिनोटेकॅन व टोपोटेकॅन ही औषधे अमेरिकेत मान्य झाली. मूळ झाड चीनचे, पण १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी हेच रसायन पश्चिम घाटातील नरक्या या झाडात भरपूर असल्याचे दाखवले. त्यानंतर महाराष्ट्राच्या जंगलांतून नरक्याची बेसुमार तोड आणि तस्करी झाली. ज्या झाडाचे औषधी मोल निर्विवाद सिद्ध झाले आहे ते आपण राखू शकलो नाही, आणि ज्यांचे झालेले नाही त्यांच्या नावाने अभिमान बाळगत राहिलो.

म्हणून मागण्या ठोस हव्यात. नरक्याची लागवड आणि जंगलातील झाडांचे संरक्षण यांना वनखात्याने प्राधान्य द्यावे. ज्या वनस्पतींना रुग्णांकडून खरोखर मागणी आहे, त्यांच्या चाचण्यांसाठी आयुष मंत्रालय आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी एकत्र पैसा द्यावा, आणि त्या कर्करोग रुग्णालयांतच, प्रचलित उपचार न थांबवता, तुलनागटासह व्हाव्यात. भारतात २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणे बंधनकारक आहे आणि ती कोणालाही पाहता येते. कर्करोगावरील वनस्पतीची बातमी देणाऱ्या प्रत्येक वार्ताहराने त्या नोंदीचा क्रमांक मागावा, किती रुग्णांना कोणती मात्रा दिली आणि तुलना कोणाशी केली हे विचारावे, आणि क्रमांक नसेल तर प्रयोग केवळ बशीतील पेशींवर झाला आहे हे मथळ्यातच लिहावे. आणि अशा चाचणीचा निकाल नकारार्थी आला, तर तोही पहिल्या बातमीइतक्याच जागेत छापावा.